आमदार-खासदारांच्या ऑफिसातले कागद पोलिसांनी मागितले, तर परवानगी कुणाची?

सावकाश_वाचक

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो, पण हा प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून धागा काढतोय.

मला अमेरिकी सिनेटचं इतिवृत्त वाचायची खोड आहे. (बायकोच्या मते रिकामटेकडेपणा.) तिथे दिवसाचं काम आटोपताना, सदस्य घरी पळायच्या बेतात असताना, अधूनमधून एक छोटासा ठराव येतो. दोन्ही पक्षांचे नेते मिळून मांडतात, कुणी हरकत घेत नाही, मिनिटभरात मंजूर. मजकूर ठरलेला. अमुक खटल्यात सरकारी वकिलांनी सिनेटर तमुक यांच्या ऑफिसातले कागद मागितले आहेत; नियम ११ प्रमाणे सिनेटच्या ताब्यातला कुठलाही पुरावा सिनेटच्या परवानगीवाचून बाहेर जात नाही; मात्र न्यायाच्या कामी येणार असेल तर सिनेट आडकाठी करत नाही; सबब परवानगी देण्यात येत आहे. आणि शेवटी शेपूट: ज्या बाबतीत विशेषाधिकार (म्हणजे सभागृहाला आणि सदस्यांना असलेलं खास संरक्षण) सांगायला हवा, त्या वगळून.

माझं घोडं या शेपटीपाशी अडलंय. मी राहतो न्यू जर्सीत. आमचे सिनेटर होते बॉब मेनेंडेझ. २०२२ साली त्यांच्या घराच्या झडतीत सोन्याच्या विटा आणि ४ लाख ८० हजार डॉलरहून जास्त रोकड निघाली, त्यातली काही जाकिटांच्या खिशांत आणि बुटांत कोंबलेली. जुलै २०२४ मध्ये लाचखोरी वगैरे १६ च्या १६ आरोपांत दोषी, जानेवारी २०२५ मध्ये ११ वर्षांची शिक्षा. तरी खटल्यात इजिप्तच्या लष्करी मदतीबद्दलचे काही मेसेज न्यायाधीशांनी ज्युरीपुढे येऊ द्यायचे नाहीत असं ठरवलं. कारण काय, तर ते कायदेमंडळाचं काम!

तुमच्याआमच्या दारात वॉरंट आलं की कपाट उघडावं लागतं. यांच्या कपाटाला सभागृहाचं वेगळं कुलूप कशाला? आणि आपल्याकडे काय पद्धत आहे?

खलबत्ता

रुमाल टाकून ठेवतो. बुटातल्या नोटा वाचून आजी आठवली. ती तूरडाळीच्या डब्यात ठेवायची, पण प्राप्तिकरवाल्यांपासून नाही, आजोबांपासून लपवून.

निशिगंध

प्रश्नातच उत्तर आहे. कुलूप नको. न्यायाधीशाने कागद बघून वॉरंट दिलंय ना, मग विषय संपला. ज्यांची चौकशी करायची त्यांच्याच सहकाऱ्यांना "करू का हो चौकशी?" विचारायचं, हा कुठला न्याय? शाळेत कॉपी पकडताना वर्गाचं मत घेतात का?

पोटोमॅकपार

@सावकाश_वाचक, धागा छान आहे, पण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. त्या सोडवतो. प्रतिसाद लांबणार, चहा घेऊन बसा.

तुम्ही म्हणता ते रोजच्यातले ठराव बहुतेक वेळा सिनेटरला पकडण्यासाठी नसतातच. उलट सिनेटरचं ऑफिस तिथे फिर्यादी किंवा साक्षीदार असतं. कुणी फोनवर मारून टाकायची धमकी दिली, कुणी राज्यातल्या ऑफिसात ठिय्या मारला आणि उठायला सांगितल्यावर उठलं नाही. मग खटला उभा राहतो, आणि फोन घेणाऱ्या पोरीची साक्ष लागते, व्हॉइसमेल लागतो, ईमेल लागतात. तिने आपल्या मनाने कोर्टात जायचं नाही म्हणून ठराव. तिच्या बाजूने उभा राहायला सिनेटचा स्वतःचा कायदेशीर सल्लागार असतो. ते ऑफिस १९७८ च्या कायद्याने आलं. यात लपवाछपवी काही नाही.

मेनेंडेझच्या खटल्यातली अडचण ठरावाची नव्हे, राज्यघटनेची. सभागृहातलं भाषण, वादविवाद आणि त्याला जोडून असलेलं काम याबद्दल सदस्याला बाहेर कुणी जाब विचारू शकत नाही, असं कलमच आहे. ते सभागृहाने 'हो' म्हटल्यानेही सहज बाजूला होत नाही. (आणि गंमत बघा, वगळलेल्या मजकुराचा काही भाग चुकून ज्युरीच्या लॅपटॉपवर गेलाच होता. सरकारी वकिलांनीच नंतर कोर्टाला कळवलं.)

आणखी एक. वर सिनेट म्हटलंत ते सिनेटपुरतंच. खालच्या सभागृहात नियम ८ आहे. समन्स आलं की सदस्याने अध्यक्षांना कळवायचं, ते पत्र सभागृहापुढे ठेवलं जातं, आणि समन्स सभागृहाच्या हक्कांशी सुसंगत आहे की नाही ते ठरवून पुढे जायचं. दर वेळी ठराव नाही. एकाच इमारतीच्या दोन टोकांना दोन रीती.

खलबत्ता

म्हणजे एका घरात दोन जावा, दोन चुली.

निशिगंध

@पोटोमॅकपार, माहितीबद्दल धन्यवाद. पण धमकीचे फोन हा सोपा भाग झाला. सदस्य स्वतः आरोपी असेल तेव्हा काय, ते सांगा.

पोटोमॅकपार

त्याचं ठळक उदाहरण विल्यम जेफरसन, खालच्या सभागृहातला लुइझियानाचा डेमोक्रॅट सदस्य.

ऑगस्ट २००५ मध्ये एफबीआयला त्याच्या घरच्या फ्रीजरमध्ये ९० हजार डॉलर सापडले. फॉइलमध्ये गुंडाळून, गोठवलेल्या खाण्याच्या डब्यांत. पुढे २० मे २००६, शनिवारी रात्री एफबीआयचे लोक रेबर्न इमारतीतल्या २११३ नंबरच्या खोलीत, म्हणजे त्याच्या संसदीय ऑफिसात शिरले आणि रविवारी दुपारपर्यंत शोधत बसले. वॉरंट होतं. न्यायाधीशाने दिलेलं होतं. पण अमेरिकी संसदेच्या इतिहासात तोवर सदस्याच्या ऑफिसवर असा छापा पडलेला नव्हता.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. सभागृहाचे अध्यक्ष हॅस्टर्ट रिपब्लिकन, विरोधी पक्षनेत्या पेलोसी जेफरसनच्याच पक्षाच्या. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे हे दोघे संयुक्त निवेदन काढून कागद परत मागू लागले. राष्ट्राध्यक्ष बुशनी ते ४५ दिवस सीलबंद ठेवायला सांगितलं. ऑगस्ट २००७ मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला: ऑफिसात शिरणं, वॉरंट, चौकशी, कशालाच मुळात हरकत नाही. चूक एवढीच की कुठले कागद कायदेमंडळाच्या कामाचे आहेत हे सांगायची संधी सदस्याला मिळायच्या आधीच तपास यंत्रणेने ते वाचले. तसे कागद परत करा. बाकीचे ठेवा.

आणि यामुळे तो सुटला का? नाही. २००९ मध्ये १६ पैकी ११ आरोपांत दोषी, १३ वर्षांची शिक्षा. (२०१७ मध्ये बाहेर आला, पण ते लाचेच्या व्याख्येवर सर्वोच्च न्यायालयाचा दुसऱ्याच खटल्यात निकाल आला म्हणून. छाप्याशी त्याचा संबंध नाही.)

अण्णा_कराडकर

फ्रीजरमध्ये पैसे. गारठलेली मालमत्ता म्हणायची का हिला?

झणझणीत

अण्णा, दंडवत घ्या.

निशिगंध

दोन्ही पक्ष एकत्र आले हे तुम्ही कौतुकाने सांगताय की काय? मला तर तीच धोक्याची खूण वाटते. एरवी भांडणारे लोक स्वतःच्या कपाटाचा प्रश्न आला की गळ्यात गळे घालतात. पगारवाढीच्या विधेयकाला आपल्याकडे कधी सभात्याग झालेला ऐकलाय?

पोटोमॅकपार

पगारवाढीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण सभागृह नेहमी आपल्या माणसाला पाठीशी घालतं असंही नाही. १९९२ मध्ये खालच्या सभागृहाच्या बँकेचं प्रकरण झालं. खात्यात पैसे नसताना शेकडो सदस्यांचे चेक वटत होते. चौकशीसाठी नेमलेल्या माजी न्यायाधीशाने बँकेचं सगळं रेकॉर्ड मागितलं, तेव्हा अध्यक्षांचा विरोध असूनही सभागृहाने ३४७ विरुद्ध ६४ मतांनी देऊन टाकलं. त्यात कित्येकांचं स्वतःचं खातं होतं!

पुढच्याच वर्षी सिनेटर पॅकवूडच्या रोजनिशीची भानगड. लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी सिनेटचीच नीतिमत्ता समिती करत होती. तिने रोजनिशी मागितली, तो देईना. सिनेटने ९४ विरुद्ध ६ मतांनी आपल्याच सदस्याला कोर्टात खेचलं. १९९५ मध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला.

कोकमसार

रोजनिशी लिहून ठेवणारा राजकारणी! आमच्याकडे तर चिठ्ठीसुद्धा वाचून गिळतात.

टेम्सकाठी

लंडनहून माझी भर. वर निशिगंध म्हणतात की वॉरंट आलं की विषय संपला. इथे तर वॉरंटही नव्हतं.

२७ नोव्हेंबर २००८. डेमियन ग्रीन हे विरोधी हुजूर पक्षाचे खासदार. गृहखात्यातला एक तरुण कर्मचारी त्यांना आतले कागद पुरवत होता, सरकारला अडचणीचे. दहशतवादविरोधी पथकाने ग्रीनना अटक केली आणि वेस्टमिन्स्टरमधल्या त्यांच्या ऑफिसची झडती घेतली. सार्जंट ॲट आर्म्स, म्हणजे सभागृहाच्या सुरक्षेच्या प्रमुख बाई, त्यांनी संमतीच्या कागदावर सही केली होती. झालं. पोलिसांनी कॉम्प्युटर उचलला. पुढे असंही बाहेर आलं की ग्रीनच्या ईमेलमध्ये शोध घेताना एका नागरी हक्क संघटनेच्या प्रमुख बाईंचं नाव टाकून शोधलं होतं. त्यांचा या फुटलेल्या कागदांशी काय संबंध?

खूप गदारोळ झाला. ८ डिसेंबरला अध्यक्ष मायकेल मार्टिन यांनी नियम घालून दिला: यापुढे वॉरंटशिवाय झडती नाही, आणि वॉरंट आलं तरी निर्णय अध्यक्षांनी स्वतः घ्यायचा, खालच्या अधिकाऱ्याने नाही. एप्रिल २००९ मध्ये खटला भरायचा नाही असं ठरलं. गोष्ट इथे संपायला हवी होती.

नाही संपली. २०१७ मध्ये ग्रीन जवळजवळ उपपंतप्रधान झालेले. तेव्हा निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांनी वृत्तपत्रांना सांगितलं की त्या कॉम्प्युटरवर अश्लील चित्रं होती. ग्रीननी ती आपण पाहिल्याचा इन्कार केला. पण पोलिसांनी आपल्याला याबद्दल कळवलं होतं की नाही, यावर त्यांनी केलेली विधानं दिशाभूल करणारी ठरली आणि डिसेंबर २०१७ मध्ये पद गेलं. ग्रीनबद्दल मला अजिबात उमाळा नाही. पण ज्या चौकशीतून काही निष्पन्न झालं नाही, त्या चौकशीत उचललेला माल ९ वर्षांनी पेपरात येतो. कुलूप कशाला, याचं हे एक उत्तर.

झणझणीत

हे माहीतच नव्हतं. वाचतोय.

निशिगंध

@टेम्सकाठी, हे पोलिसांच्या गैरवर्तनाचं उदाहरण झालं. माल बाहेर फोडणाऱ्या पोलिसाला शिक्षा करा. त्यासाठी खासदाराला वेगळा दर्जा कशाला? माझ्या भावाचा फोन पोलिसांनी महिनोन्महिने ठेवून घेतला होता, तेही शेजाऱ्यांच्या भांडणात. त्यातले फोटो कुणी पाहिले, आम्हाला काय माहीत? आमच्यासाठी कुठल्या अध्यक्षांनी नियम काढला?

टेम्सकाठी

तुमचा राग समजतो. पण मग मागणी अशी हवी की सगळ्यांच्याच फोनला संरक्षण द्या. खासदाराचंही काढून घ्या ही मागणी उलटी झाली. बाकी खासदाराला सरसकट सूट आहे असंही समजू नका. भत्त्यांच्या खोट्या बिलांच्या प्रकरणात काही खासदार म्हणाले की हा संसदेचा अंतर्गत मामला. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरळ सांगितलं, बिलं भरणं म्हणजे संसदेचं कामकाज नव्हे. चेटर नावाचे खासदार १८ महिन्यांची शिक्षा घेऊन आत गेले.

वकिली_बाणा

भारताचं विचारलंय आणि अजून कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. कोर्टातून आत्ताच आलोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

लोकसभेच्या कार्यपद्धतीत नियम ३८३ आहे. सभागृहाचे, समित्यांचे आणि सचिवालयाचे सगळे कागद महासचिवांच्या ताब्यात असतात आणि अध्यक्षांच्या परवानगीशिवाय संसद भवनाबाहेर जात नाहीत. त्याआधीचं म्हणजे १९५७ मध्ये विशेषाधिकार समितीचा अहवाल लोकसभेने स्वीकारला. कोर्टाला सभागृहाच्या कामकाजासंबंधी साक्ष किंवा कागद हवा असेल तर सभागृहाची परवानगी लागेल, अधिवेशन चालू नसेल तर अध्यक्ष देतील. म्हणजे सिनेटच्या नियम ११ चा चुलतभाऊच. राज्यांच्या विधानमंडळांतही थोड्याफार फरकाने हीच रीत.

आता लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट. हे सगळं सभागृहाच्या कागदांबद्दल आहे. आमदाराचं गावातलं संपर्क कार्यालय यात येत नाही. तिथे पोलीस साध्या नोटिशीने कागद मागवू शकतात, पूर्वी दंड प्रक्रिया संहितेचं कलम ९१, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ९४. त्या कपाटाला कुठलंच वेगळं कुलूप नाही. दिवाणी प्रकरणात अधिवेशनाच्या काळात अटकेपासून थोडं संरक्षण असतं, फौजदारीत तेही नाही.

कोर्टांचा कलही विशेषाधिकार आवळत नेण्याकडे आहे. केरळ विधानसभेत १३ मार्च २०१५ ला अर्थसंकल्पाच्या वेळी आमदारांनी अध्यक्षांची खुर्ची, कॉम्प्युटर, माइक फोडले. नुकसान २,२०,०९३ रुपये. फिर्याद विधानसभेच्या सचिवांचीच. पुढे सरकार बदललं आणि नव्या सरकारने खटला मागे घ्यायचा घाट घातला. बचाव असा की हा सभागृहातला निषेध, तो विशेषाधिकारात येतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलं. टेबलं मोडणं हे आमदाराचं काम नव्हे.

खलबत्ता

ते ९३ रुपये कशाचे असतील? माइकचा स्पंज?

अण्णा_कराडकर

वकीलसाहेब, ते नरसिंह रावांच्या वेळचं झारखंड मुक्ती मोर्चाचं लिहा ना. आम्ही तेव्हा कचेरीत दिवसभर त्यावरच बोलायचो.

वकिली_बाणा

अण्णा, तुमची आज्ञा. १९९३ चा अविश्वास ठराव, सरकार वाचवायला खासदारांना पैसे दिल्याचा आरोप. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ असा निकाल दिला: ज्यांनी पैसे घेऊन मत दिलं त्यांच्यावर खटला चालणार नाही, कारण मताबद्दल जाब विचारता येत नाही. आरोपींपैकी अजित सिंह यांनी मतदानच केलं नव्हतं, त्यामुळे त्यांना संरक्षण नाही. आरोप लाच घेतल्याचा, आणि वाचला तो ज्याने लाचेला जागून मत दिलं.

तो निकाल ४ मार्च २०२४ ला सात न्यायाधीशांनी एकमताने मोडीत काढला. पैसे घेतले तिथेच गुन्हा पुरा झाला, मत दिलं की नाही ते गौण.

अण्णा_कराडकर

२६ वर्षं लागली. असो.

झणझणीत

२००५ मध्ये प्रश्न विचारायला पैसे घेतले म्हणून ११ खासदार गेले होते, त्यात आमच्या जळगाव जिल्ह्यातले दोन. टीव्हीवर १२ डिसेंबरला दिसले आणि २३ तारखेला घरी. तेव्हा संसदेने फार चटकन काम केलं होतं. मनात आलं की जमतं.

निशिगंध

मनात आलं की! हेच तर म्हणतेय मी. परवानगी कुणाच्या तरी मनावर ठेवली की झालं. आपल्याकडे अध्यक्ष म्हणजे सत्ताधारी पक्षाचा माणूस. महाराष्ट्रात अपात्रतेच्या याचिका २०२२ च्या जूनपासून पडून होत्या, निकाल लागला १० जानेवारी २०२४ ला, तोही सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिल्यावर. अशा खुर्चीकडे पोलिसांची फाईल गेली तर विरोधकाची परवानगी सकाळी मिळेल आणि आपल्या माणसाची पुढच्या निवडणुकीनंतर.

पोटोमॅकपार

या मुद्द्यावर मला उत्तर नाही. सिनेटमध्ये दोन्ही बाजूंचे नेते मिळून ठराव मांडतात, त्यामुळे थोडा तोल राहतो. एकट्या माणसाच्या हाती किल्ली दिली की तुम्ही म्हणता ते होणारच.

संपादक

काही प्रतिसाद सोन्याच्या भावावर गेले होते, ते 'गुंतवणूक' विभागात हलवले आहेत. चालू सरकारांवरची शेरेबाजीही आवरती घ्यावी.

खलबत्ता

मेनेंडेझ यांनीही सोनं वेळीच हलवलं असतं तर हा धागा निघाला नसता.

माजी_स्वीय

इतके दिवस नुसता वाचत होतो, आता राहवत नाही.

मी बरीच वर्षं एका आमदारांचा स्वीय सहायक होतो. पक्ष, तालुका विचारू नका. वकीलसाहेबांनी ज्या संपर्क कार्यालयाला कुलूप नाही म्हटलं, त्याची किल्ली माझ्या खिशात असायची.

तिथे कपाटात काय असतं ते सांगतो. ठेवी नाहीत, विटा नाहीत. हिरव्या रेक्झिनच्या पुठ्ठ्याचं आवक रजिस्टर असतं. रकाने: क्रमांक, दिनांक, नाव-गाव, मोबाईल, विषय, शेरा. विषयाच्या रकान्यात काय काय येतं बघा. "सातबारावर नाव चढत नाही." "किडनीचे ऑपरेशन, सहायता निधी, सोबत रिपोर्ट." "मुलीला सासरी मारहाण." "तलाठी पैसे मागतो." "मुलाला एचआयव्ही, शाळा घेत नाही." प्रत्येकामागे टाचणी लावून आधार, रेशनकार्ड, दवाखान्याची बिलं. माणसं डॉक्टरला सांगत नाहीत ते आमदाराच्या ऑफिसात लिहून देतात, कारण दुसरीकडे सगळीकडे फिरून झालेलं असतं.

एकदा साहेबांच्या नावाने बदलीचं बनावट शिफारसपत्र कुणीतरी वापरलं. पोलीस आले. म्हणजे आम्हीच फिर्यादी, पोटोमॅकपार म्हणतात तसे. जावक नंबर खोटा आहे हे सिद्ध करायला रजिस्टरचं एक पान पुरणार होतं. हवालदार म्हणाला, "जावक बी द्या अन् आवक बी द्या, सायबांनी आणायला सांगितलंय." आवक रजिस्टरच्या चालू पानाच्या थोडं अलीकडे त्याच ठाण्यातल्या एका फौजदाराविरुद्ध एका बाईची तक्रार होती. नाव, गाव, मोबाईल नंबरसकट.

मी लेखी मागणी आणा म्हटलं. साहेब मुंबईला होते. फोन केला तर म्हणाले, "देऊन टाक रे, कटकट नको." मी जावक रजिस्टरच्या त्या एका पानाची झेरॉक्स काढली, सही-शिक्का मारून दिली आणि पोच घेतली. आवक रजिस्टर घरी नेऊन ठेवलं. हवालदार भला माणूस होता, त्याने समजून घेतलं. नसता समजून घेता, तर माझ्याकडे दाखवायला कुठला नियम नव्हता.

कोकमसार

अंगावर काटा आला. मी आमच्या आमदारांना सासूबाईंच्या आजारपणाची सगळी फाईल दिली होती. ती परत मागायची असते हे कधी डोक्यातच आलं नाही.

टेम्सकाठी

@माजी_स्वीय, धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रतिसाद. ग्रीनच्या कॉम्प्युटरवरही मतदारांची पत्रं होतीच, तेव्हा बऱ्याच खासदारांचा आक्षेप तोच होता.

निशिगंध

माजी_स्वीय, तुम्हाला सलाम. पण तुमचा अनुभव माझ्याच बाजूचा आहे बघा. परवानगी देणारे कोण होते? साहेब. ते काय म्हणाले? देऊन टाक. त्या बाईची काळजी तुम्हाला होती, त्यांना नव्हती. म्हणजे संरक्षण पत्र लिहिणाऱ्याचं आणि किल्ली आमदाराच्या हातात. सभागृहाने परवानगी द्यायची म्हटली तरी तेच, तिथे त्या बाईच्या वतीने कोण बोलणार?

वकिली_बाणा

मुद्दा बिनतोड आहे, निशिगंधताई. मग उपाय असा निघतो: कागद आधी सीलबंद होऊन न्यायाधीशाकडे जावेत. त्याने खटल्याशी संबंध असलेले वेगळे काढावेत, तिसऱ्याच माणसांची नावं झाकावीत आणि उरलेलं तपासाला द्यावं. आमदाराला हरकत घ्यायला ठरावीक मुदत, सभागृहाला फक्त सूचना. जेफरसनच्या अपिलात कोर्टाने जवळपास हेच करायला लावलं होतं: आधी त्याला प्रती द्या, त्याने दावा सांगावा, खालच्या न्यायाधीशाने एकेक कागद बघावा.

निशिगंध

हे मला चालेल. मुदत किती?

वकिली_बाणा

दोन आठवडे.

निशिगंध

एक.

खलबत्ता

सौदा मंडईत चाललाय. मेथीची जुडी वर टाका.

पोटोमॅकपार

मला मात्र सभागृहाला नुसती सूचना पुरेशी वाटत नाही. आज विरोधी आमदाराकडे सरकारी घोटाळ्याचे कागद कुणी दिले, तर उद्या पोलीस ते कागद देणाऱ्याचा माग काढायलाच येणार. ग्रीनचं तेच होतं. न्यायाधीश कागद गाळेल, पण या ऑफिसात जायचंच का, हे विचारणारं कुणी राजकीय माणूस हवं. यावर आपलं एकमत होणार नाही, तेव्हा सोडून देऊ.

सावकाश_वाचक

धागा काढून गायब झालो नव्हतो, सगळं वाचत होतो. माजी_स्वीय यांचा प्रतिसाद वाचल्यावर एक गोष्ट आठवली. आईच्या व्हिसाचं अडकलं होतं तेव्हा मी मेनेंडेझ यांच्याच ऑफिसला लिहिलं होतं. आईच्या पासपोर्टची प्रत, तिच्या हृदयाचे रिपोर्ट, माझं पगारपत्रक, सगळं जोडून. तिथल्या मुलीने काम चोख करून दिलं, हेही सांगायला हवं. ऑगस्ट २०२४ मध्ये साहेबांनी राजीनामा दिला. आता ते कागद कुठे आहेत? सिनेटच्या ताब्यात?

पोटोमॅकपार

समित्यांचे कागद सिनेटचे. पण सिनेटरच्या स्वतःच्या ऑफिसातले कागद जुन्या प्रथेप्रमाणे त्या सिनेटरची खाजगी मालमत्ता मानतात. निवृत्त झाल्यावर कुणी विद्यापीठाला देतात, कुणी घरी नेतात. बाहेरच्याने मागितले तर सिनेटची परवानगी लागणार, आणि आत बसलेला निघताना टेम्पोत भरून नेऊ शकणार.

सावकाश_वाचक

म्हणजे आईचा ईसीजी मेनेंडेझ यांच्या मालकीचा?!

अण्णा_कराडकर

विटांच्या शेजारी ठेवला असेल. जपून.

सावकाश_वाचक

अण्णा :) मी आता नवे सिनेटर अँडी किम यांच्या ऑफिसला लिहून विचारतो की माझी फाईल त्यांच्याकडे आली का आणि नसेल तर कुणाकडे मागायची. उत्तर आलं की इथे टाकतो.

माजी_स्वीय

लिहा, पण या वेळी पासपोर्टची प्रत जोडू नका. नुसता जुना केस नंबर द्या. आणि पोच मागा.